हॉलच्या पायऱ्या

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "डाव्या मनगटाचं हाड मोडलंय. सहा आठवडे प्लास्टर."

आई एक्स-रे बघायला पुढे झाली. बारा वर्षांची चिमणी मात्र पाय हलवत बसली होती. तिने विचारलं, "जास्त दिवस ठेवता येईल का?"

डॉक्टरीणबाई हसल्या, पण पोरीचा चेहरा पाहून त्यांचं हसू विरलं.

चिमणी बॅडमिंटन खेळायची. खेळायची कसली, घाण्याला जुंपली होती. उजाडायच्या आत बॅडमिंटन हॉलवर सराव, मग शाळा, शाळेतून परस्पर व्यायामशाळा, संध्याकाळी पुन्हा हॉल, रविवारी कुठली ना कुठली स्पर्धा. जेवण गाडीत, गृहपाठ गाडीत, झोपही गाडीतच. आजोबा अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांना भेटायलाही प्रशिक्षक सरांनी सुट्टी दिली नाही आणि बाबांनी ती मागितली नाही. मागे एकदा सामना जिंकून ती कोपऱ्यात रडत बसली, तर बाबा सगळ्यांना सांगत सुटले, "आनंदाश्रू आहेत."

घरी हाताखाली उशी सरकवत आईने विचारलं, "पाय कसा घसरला गं?"

"घसरला नाही." चिमणी भिंतीकडे बघत होती. "हॉलच्या पायऱ्यांवरून मी उडी मारली. ताप आला तरी सर बोलावतात. मोडलं तर नाही ना बोलावणार?"

 आई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

तेवढ्यात बाबा फोन ठेवून आत आले. "सर म्हणाले, काळजी नको. खेळायचा उजवा हात शाबूत आहे. सोमवारपासून पायांचा सराव सुरू करू."

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तिने मुद्दाम उडी मारलीय. तुमच्या या सोमवारातून सुटका व्हावी म्हणून."

"काहीतरीच काय. एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात घालायची?"

"कुणाची मेहनत?"

बाबांनी नजर चुकवली. "मग तूच सांग सरांना. मला नाही जमणार."

सोमवारी आईने औषधांच्या दुकानातून रजा घेतली. चिमणीला घरी एकटीला थांबायचं नव्हतं, म्हणून तीही सोबत आली. हॉलमधल्या बाकांवर आईबाप डबे नि पाण्याच्या बाटल्या मांडीवर घेऊन बसले होते. आईने सरांना सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, मुलं अशी नाटकं करतातच. रडल्याशिवाय कुणी चॅम्पियन होत नाही."

आई उत्तर देणार, तोच मागून कुजबुज ऐकू आली. चिमणीहून लहान एक मुलगी तिच्या प्लास्टरवर बोट ठेवून विचारत होती, "मुद्दाम ना? सांग ना, कितव्या पायरीवरून मारलीस?"

सरांनीही ते ऐकलं. त्यांनी शिट्टी वाजवली. "चल गं, कोर्टवर."

आई मध्ये उभी राहिली. "ती जाणार नाही. आधी तिची आई कोण आहे ते कळू दे."

बाकावरून अर्धवट सोललेलं केळं हातात घेऊन एक बाई उठली.

"बाळा, आत्ता काय विचारलंस ते आईला सांग," चिमणीची आई म्हणाली.

मुलगी हुंदके देऊन रडू लागली. त्या बाईने काही विचारलंच नाही. रॅकेट उचलली, मुलीचा हात धरला आणि सरांकडे न बघता बाहेर पडली. बाकीच्यांनी फोनमध्ये माना घातल्या. एक गृहस्थ पुटपुटले, "ज्यांना झेपत नाही त्यांनी येऊच नये."

"नाहीच झेपत," आई म्हणाली. "बारा वर्षांच्या पोरीला हे झेपूच नये. झेपायलाच हवं म्हणणाऱ्यांना लाज वाटायला हवी."

संध्याकाळपर्यंत चिमणीची जागा दुसऱ्या मुलीला मिळालीसुद्धा. बाबांनी बरेच दिवस अबोला धरला. मग एका रविवारी उन्हं अंगावर आली तरी गाढ झोपलेल्या लेकीकडे बघत ते दारात कितीतरी वेळ उभे राहिले आणि पाय न वाजवता परत फिरले.

चिमणी हॉलवर परत गेली नाही. आईने बॅडमिंटन संघटनेकडे सरांची तक्रार केली. "चौकशी करू," असं उत्तर आलं. ती अजून दर आठवड्याला फोन करून विचारते आणि दर वेळी तेच उत्तर मिळतं. संध्याकाळी दुकानातून परतताना तिला हॉलसमोर गाड्यांची रांग दिसते. मागच्या सीटवर मुलं बूट घालूनच झोपलेली असतात आणि बाप त्यांना खांदा हलवून उठवत असतात. रोज बघूनही तिला त्याची सवय झालेली नाही.