लेम्पीआईचं काळं मलम

आमच्या हाउकिवारातल्या सार्वजनिक सौनात, म्हणजे गावाच्या वाफेच्या खोलीत, बायकांच्या वेळेला फार तर नऊ जणी बसतात. त्या शनिवारी एकोणीस जणी कोंबल्या होत्या. अंगावर सूत नाही, घामाच्या धारा, आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला. वरच्या फळीवर लेम्पीआई बसली होती आणि तिच्यापुढे पालथी पडली होती अंगभर सोरायसिसचे चट्टे असलेली माझी भाची, साइमी.

लेम्पीने तापल्या दगडांवर डावभर पाणी ओतलं. चर्र झालं.

"उकळतंय गं, रक्त उकळतंय!" ती किंचाळली. "सात पिढ्यांचं विष! दलदलीची आई सांगतेय, वर आण, मी झेलते!"

दलदलीची आई म्हणे! ही बया चार वर्षांपूर्वी शहरात फरशी पुसायची यंत्रं विकत होती. तेव्हा कुठे गेली होती हिची आई?

डांबराचा वास मारणारं काळं मलम तिने साइमीच्या पाठीवर फासलं आणि नखांनी पांढरे खवले खरवडून बर्च झाडाच्या सालीच्या डबीत गोळा केले. मग ती डबी, कॉफीबरोबर बिस्किटं फिरवावीत तशी, सगळ्यांपुढून फिरवली. "बघा, बाहेर पडली घाण!" बायका वाकवाकून बघत होत्या. खवल्यांचं मला काही नाही, औषधाच्या दुकानात तीस वर्षं काढलीत मी. ती नुसती त्वचा असते, महिन्याभरात तयार व्हायची ती आठवड्यात तयार होऊन साचलेली. किळस आली ती त्या डबीची.

"वाफेत खवले सुटणारच," मी म्हणाले. "कोमट पाण्याच्या टबातही सुटतात."

"इर्या, तुझा धंदा बसायला लागलाय म्हणून पोटात दुखतंय तुझ्या," लेम्पी म्हणाली, आणि बाकीच्या झाडून सगळ्या खिदळल्या.

पण तीन आठवड्यांत साइमीची पाठ खरंच साफ झाली. कोपर, गुडघे, सगळं. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती बिनबाह्यांचा झगा घालून दुकानात आली आणि माझ्या गळ्यात पडली.

"मावशी, बघ तरी! आणि ते आठवड्याचं इंजेक्शनही बंद केलं मी. लेम्पीआई म्हणते, तिचं मलम आणि डॉक्टरांचं विष एका अंगात राहत नाहीत."

"अगं, ते इंजेक्शन कातडीसाठी कमी आणि सांध्यांसाठी जास्त आहे! सोरायसिस आत सांध्यांतही जातो, हे डॉक्टरीणबाईंनी तुला चित्र काढून समजावलं होतं ना?"

"तुला माझं बरं झालेलं बघवत नाही," साइमी म्हणाली, आणि दार आपटून गेली.

साइमी बाजारात कारेलियन पाय, म्हणजे भाजलेल्या उघड्या करंज्या विकते. राईच्या पिठाची पातळ पारी लाटायची, मधे भाताची खीर घालायची आणि कडेला बोटांनी बारीक मुरड घालायची. तिच्या हातची मुरड अख्ख्या तालुक्यात कुणाला जमत नाही. दोन महिन्यांनी मी तिच्या टपरीवर गेले तर करंज्यांच्या कडा नुसत्या दाबलेल्या. मी तिचा हात ओढला. मधलं बोट आणि करंगळी फुगून टम्म, वाकतही नव्हती.

"लेम्पीआई म्हणते चांगलं लक्षण आहे," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "घाण सांध्यांतून बाहेर निघतेय."

शी! पोरीची बोटं कायमची वाकडी व्हायला आली आणि ही भवानी म्हणते चांगलं लक्षण!

साइमीकडची मलमाची डबी मी मागून घेतली. डांबराने सोरायसिसला थोडा गुण येतो, पण इतका आणि इतक्या लवकर नाही. मी दुकानात तसंच काळं, तशाच वासाचं साधं डांबराचं मलम बनवलं. मग शुक्रवारी संध्याकाळी सौनाच्या कपडे बदलायच्या खोलीत सहा जणींना बसवलं. प्रत्येकीच्या डाव्या हातावर लेम्पीचं मलम आणि उजव्यावर माझं, नाण्याएवढं. वर प्लास्टिक, त्यावर चिकटपट्टी.

"लाव की!" लेम्पी दारातून ठसक्यात म्हणाली. "दलदलीची आई तुला भीत नाही."

"उद्या सकाळी या सगळ्या," मी म्हणाले.

सकाळी साइमीसमोर पट्ट्या काढून हात पुसले. सहाही उजवे हात होते तसे. सहाही डाव्या हातांवर मात्र पांढराफटक गोल डाग.

"अगंबाई, हे काय?" पोस्टातली कैसा ओरडली.

"हे स्टेरॉइड. कडक, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही ते. त्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून जागा पांढरी पडते. डांबराने पडत नाही. डॉक्टरांचं औषध टाका म्हणून सांगते आणि डॉक्टरांचंच औषध डांबरात कालवून विकते, कळलं? वरून कातडी गुळगुळीत झाली, आत सांधे जळत राहिले."

"गुण आला ना पण?" लेम्पी म्हणाली. आवाज आता चिरका झाला होता.

"आला की! किती लावायचं, कधी थांबायचं, कुणाला सांगितलंस? महिनोन्महिने थापलं तर कातडी कागदासारखी होते. एकदम सोडलं तर आजार दुपटीने उसळतो. साइमी, तू आजच डॉक्टरीणबाईंकडे चल. हळूहळू कसं सोडायचं ते त्या सांगतील."

डबी प्रयोगशाळेत गेली, तिथेही तेच निघालं. लेम्पीच्या मागे पोलीस लागले. इंजेक्शन पुन्हा सुरू झालं, मधलं बोट वाकायला लागलं. करंगळी नाही. तो सांधा गेला, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन महिने आधी दाखवलं असतं तर वाचला असता.

चट्टे परत आले. अंगभर चट्टे घेऊन साइमी शनिवारी सौनात आली आणि मधल्या फळीवर बसली. कैसा सवयीने जरा सरकली.

"सरकू नकोस," साइमी म्हणाली. "हे लागत नाही कुणाला. अकरा वर्षं सांगतेय. अकरा वर्षं तुम्ही सगळ्या सरकताय. लेम्पीने पहिल्या दिवशी मला हात लावला, उघड्या हाताने. म्हणून गेले मी तिच्याकडे." मग ती माझ्याकडे वळली. "आणि मावशी, तुझ्या घरच्या सौनात माझा नंबर कायम शेवटचा का असायचा गं?"

मी फार्मसिस्ट, हा आजार शिवून लागत नाही हे परीक्षेत लिहून पास झालेली, आणि भाचीला सगळ्यांच्या शेवटी आत सोडणारी. लेम्पीची किळस करत होते मी!

बायांनो, सोरायसिस मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो. औषध आहे, उजेडाचे उपचार आहेत, रोज अंगाला चोपडायचं साधं मलम आहे. "कायमचा बरा करते" म्हणणारीच्या डबीत काय आहे ते आधी तपासा. आणि शेजारी कुणी चट्टेवाली येऊन बसली, तर बसल्या जागेवरून हलू नका.