दाराबाहेरचे बूट

मला सूड हवा होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझ्या समजूतदारपणाचं कौतुक करायला नको.

पद्माकाकूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका बँकेच्या ॲपमधलं तेच ते बटण पुन्हा पुन्हा दाबून बघत होते. टेस्टिंग हेच माझं काम. काकू मेलबर्नमध्ये क्रेगीबर्नला राहतात, निवृत्त फिजिओथेरपिस्ट आहेत आणि आमच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरी. त्यांना नाही म्हणणं आजवर कोणाला जमलेलं नाही.

"यामिनी, तू ते व्हिडिओ गेम्स खेळतेस ना? अगं, आपल्या निमिषचा सत्कार ठेवलाय, संडे आर्व्होला, दुपारची जेवणं झाल्यावर, टार्निटच्या हॉलमध्ये. त्याची ती 'लो लँटर्न' गेम म्हणे जगभर गाजतेय. आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तो बोलायच्या आधी तू पंधरा मिनिटं बोल. ही गेम का खेळावी, एवढंच सांग. पडद्यावर खेळून दाखवलंस तर फारच छान."

"चालेल काकू, नो वरीज," मी म्हणाले आणि फोन ठेवला. हा माणूस शाल पांघरून बसणार होता माझ्या किल्ल्यावर, आणि त्याची ओळख मीच करून द्यायची होती.

निमिष आणि मी वॉलाँगाँगच्या युनिमध्ये बरोबर होतो. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट दोघांनी मिळून केला. चोरपावलांनी किल्ल्यात शिरायचं, पहारेकऱ्यांना चुकवायचं, असा एक छोटासा खेळ. पहारेकऱ्यांना चालवायचं काम निमिषचं, ते त्याने चांगलं केलं, खोटं कशाला बोलू? पण किल्ला माझा होता. कुठल्या जिन्यावर कंदील, कुठल्या दारामागे कोण, हे सगळं मी माझ्या खोलीत जमिनीवर बसून रचलं होतं. पुढे तो मेलबर्नला एका गेम स्टुडिओत लागला आणि काही वर्षांनी 'लो लँटर्न' आली. मी ती विकत घेतली, सुरू केली, आणि माझ्याच जिन्यावरून चढायला लागले.

मी त्याला लगेच फोन केला होता.

"चिल यार यामिनी, स्टुडंट प्रोजेक्ट होता तो," तो म्हणाला. "तसल्या आयडिया सगळ्यांनाच सुचतात. तुझं काही आहे त्यात, तर सिद्ध कर."

प्रोजेक्टच्या फाइल्स त्याच्याच मशीनवर राहिल्या होत्या. सिद्ध काय करणार, कपाळ? तेव्हापासून मी ती गेम खेळतेय. आधी खूप वाईट खेळले. दिसेल त्याला सुरा मारत सुटायचे, आणि शेवटच्या दालनातल्या सरदाराला तर निमिषचा चेहरा लावूनच भोसकायचे. दोन मिनिटं बरं वाटायचं, मग पुन्हा जळफळाट. मग हळूहळू उमगत गेलं की हा खेळ सुऱ्यासाठी खेळायचाच नसतो. अंधारात बसायचं आणि बघायचं. समोरचा कुठे वळतो, कुठे जांभई देतो, कशाकडे रोज बघतो आणि म्हणूनच कधी नीट बघत नाही. मी निमिषच्याही सगळ्या मुलाखती तशाच ऐकल्या. तो कुठे अडखळतो ते मला पाठ झालं.

रविवारी मी हॉलवर सगळ्यांच्या आधी पोचले. माझ्याकडे एक कापडी पिशवी होती. तिच्यातली वस्तू मी हॉलच्या दाराबाहेर, भिंतीला लागून ठेवली आणि आत जाऊन प्रोजेक्टर जोडायला लागले.

आत गणपतीची तसबीर आणि समई होती, त्यामुळे लोक बाहेरच पादत्राणं काढून येत होते. बघता बघता दाराशी सँडल, चपला, रनिंग शूजचा ढीग झाला. निमिष आला. फोनवर बोलत बोलतच त्याने आपले पांढरेशुभ्र स्नीकर्स ढिगात काढले. खाली पाहिलंसुद्धा नाही. मला बघून मात्र क्षणभर थबकला.

"अरे यामिनी! तू बोलणार आहेस? ग्रेट, मेट," तो म्हणाला आणि माझ्या पाठीवर थाप मारून पहिल्या रांगेत जाऊन बसला. ती थाप अजून पाठीवर आहे माझ्या.

मी माइक घेतला.

"ही गेम का खेळावी? एक तर हिला ताकद लागत नाही. नायिका किल्ल्यात दिवे लावणारी बाई आहे. तिचं गाव सरदाराने जाळलंय आणि तिला त्याच्यापर्यंत पोचायचंय. समोरासमोर लढली तर ती मरते, पहिल्याच फटक्यात. म्हणून ती बघते, ऐकते, थांबते. तुमच्यापैकी ज्यांना नवीन देशात, नवीन ऑफिसात कोणी हिंग लावूनही विचारलं नव्हतं, त्यांना हे आपोआप जमेल. आपल्याकडे कोणी बघत नसतं, तेव्हा आपल्याला पुष्कळ दिसतं."

लोक हसले. मी खेळायला लागले. पडद्यावर अंधारा जिना आला, वर कंदील. मी बाईला सावलीतून वर नेलं. एक पहारेकरी समोर आला तसा माझ्या मागे बसलेल्या सावनीने, म्हणजे काकूंच्या शेजारच्या नर्सने, चक्क श्वास रोखला. तो वळून निघून गेला.

"आता गंमत बघा," मी म्हणाले. "या किल्ल्यात आतल्या दालनांत पहारेकरी बूट काढून जातात. बाहेरचे जोड मोजा, आत किती माणसं आहेत ते कळेल. परदेशी समीक्षकांनी ही कल्पना अगदी डोक्यावर घेतलीय."

"त्यात काय एवढं!" मागून कुणीतरी म्हणालं. "आमच्या कोथरूडच्या जिन्यात चपला बघूनच आई ठरवायची, चहा किती टाकायचा ते." सगळा हॉल हसला. निमिषही हसला, जरा उशिरा.

मी बाईला मधल्या बुरुजावरच्या एका दाराशी आणून थांबवलं. दाराबाहेर मोठाल्या मापाचे तपकिरी बूट होते, एकच जोड. डाव्या बुटाच्या टोकावर हिरवा ठिपका. उजव्या बुटाला दोरी, डाव्याला पांढरी चपटी फीत.

"हे दार सगळ्यात प्रसिद्ध आहे," मी म्हणाले. "बूट बघून बहुतेक जण इथून परत फिरतात आणि छपरावरून लांबचा रस्ता धरतात. पण दाराला कान लावलात, तर कळतं की आत पहारेकरी नाहीच. एक बाई बसलीय, लेस विणत. मग बूट कोणाचे? यावर इंटरनेटवर नुसत्या मारामाऱ्या चालतात. पण आज सांगणारा माणूसच आपल्यात आहे. निमिष, बूट कोणाचे रे?"

तो उठला. हे तो मुलाखतींत बोलायचा, मला माहीत होतं. त्याचा आवाज बरोबर तिथेच हळवा झाला जिथे नेहमी व्हायचा.

"तिच्या मुलाचे. तो युद्धात गेलाय. ती रोज ते दाराबाहेर ठेवते, तो परत येईल म्हणून. आणि ती पांढरी फीत म्हणजे शोकाची खूण. हे डिझाइन करताना, ॲक्च्युअली, माझ्या डोळ्यांसमोर माझी आजी होती."

टाळ्या झाल्या. एका काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी माइक घट्ट धरून उभी राहिले. त्याच्या आजीला मी चांगली ओळखत होते. व्हिडिओ कॉलवर ती त्याला दर खेपेला विचारायची की तुझी ती पार्टनर जेवते का रे नीट? तिलाही याने बुटांना बांधलं.

"निमिष, मला एक कळलं नाही." पद्माकाकू होत्या. "ती बाई तिथे एकटीच राहते ना?"

"हो, काकू."

"आणि बाकी किल्ला सगळा पुरुषांचा?"

"हो."

"मग मुलाबिलाचे नाहीत रे ते. ते तिने मुद्दाम ठेवलेत. घरात पुरुष माणूस आहे असं वाटावं म्हणून. माझ्या दारात आमच्या विश्रामचे बूट अजून आहेत, तो जाऊन इतकी वर्षं झाली तरी. धूळ बसली की पुसते. धूळ बसलेले ठेवले तर काय उपयोग?"

मग सावनी म्हणाली, "मी पण ठेवते. दादाचे जुने. सिडनीला एकटी राहायचे तेव्हापासून." आणखी दोघीतिघी माना हलवायला लागल्या. एकीचा नवरा तिच्याकडे असा बघत होता की जणू आजच ओळख झाली.

मला रडू येईल की काय असं वाटलं. इतकी वर्षं जगभरचे लोक त्या दाराशी येऊन गेले आणि टार्निटमध्ये एका काकूंनी ते एका दमात उघडलं.

पण निमिष निमिषच. "वॉव, काकू," तो म्हणाला. "व्हॉट अ ब्यूटिफुल इंटरप्रिटेशन." आणि त्याने खिशातून फोन काढून काहीतरी टिपून घेतलं. माझ्या समोर. पुढच्या मुलाखतीत तो हेच सांगणार होता, हळव्या आवाजात, आजीसकट. माझ्याकडे उरलेली शेवटची गोष्टही त्याच्या खिशात गेली. असा संताप आला की हातातला गेमचा रिमोट फेकून मारावासा वाटला. मी नाही मारला. शाल घालून झाली, नारळ हातात दिला गेला, फोटो निघाले, बटाटेवडे संपले, आणि मी सगळ्यांबरोबर हसत उभी राहिले.

मग लोक पादत्राणं घालायला बाहेर पडले.

आमची माणसं आत येताना खाली बघत नाहीत, पण जाताना मात्र प्रत्येक जण वाकून आपला जोड शोधतो. काकू वाकल्या आणि तशाच राहिल्या. ढीग विरळ झाला होता आणि भिंतीला लागून, मी ठेवले होते तसेच, मोठाल्या मापाचे तपकिरी बूट होते. टोकावर हिरव्या रंगाचा थेंब. वॉलाँगाँगच्या ऑप शॉपमधून, जुन्या वस्तूंच्या दुकानातून, मी ते आणले, तेव्हापासून तो होता. डाव्या बुटाला दोरी नव्हती, म्हणून मी हाताला लागलं ते ओवलं होतं.

"अगं बाई," काकू म्हणाल्या. त्यांनी बूट उचलून फीत बोटांत धरली. "ही फीत कसली? ही परकराची नाडी आहे."

सगळे गोळा झाले. सावनीने फोनवर गेममधलं चित्र काढून बुटाशेजारी धरलं. थेंब, नाडी, घडीची सुरकुतीसुद्धा तीच. मीच त्यांचे फोटो काढून चित्र बनवलं होतं ना.

निमिष एका पायात स्नीकर घालून, दुसरा हातात घेऊन उभा होता. काखेत नारळ, खांद्यावरून घसरलेली शाल. वॉलाँगाँगला मी एकटी राहायचे, तो रोज माझ्याकडे प्रोजेक्टच्या कामाला यायचा, रोज माझ्या दाराबाहेरच्या याच बुटांशेजारी स्वतःचे बूट काढायचा. हे कोणाचे, असं त्याने एकदाही विचारलं नव्हतं. आता त्याने बूट पाहिले, मग मला पाहिलं, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं,

"हे अजून ठेवलेस तू?"

ते बोलल्यावर त्याला कळलं की काय बोललो. आजूबाजूच्या सगळ्यांनाही कळलं. ज्या काकांनी डोळे पुसले होते, ते दोन पावलं मागे सरकले.

"म्हणजे... ॲक्च्युअली..." निमिष म्हणाला, आणि त्याच्या काखेतून नारळ सुटून पायऱ्यांवरून गडगडत गेला. कोणी उचलला नाही.

पद्माकाकूंनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. बूट दोन्ही हातांत धरून त्यांनी मला विचारलं, "यामिनी, हे कोणाचे गं?"

"माझे," मी म्हणाले.

त्यांनी ते माझ्या पायांशी ठेवले. मी माझे सँडल पिशवीत टाकले आणि ते मोठे बूट पायांत घालून निमिषच्या समोरून गाडीपर्यंत गेले, मुद्दाम टाचा आपटत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा.