खळीची बोटं

"हात पुसलेस का गं?"

आईचा तो आवाज अजून कानात आहे. इस्त्रीच्या वाफेतून यायचा, निम्मा दरडावणीचा, निम्मा गाण्याचा:

खळीचा हात बाई, फडक्याला पुसावा
मग गं पैसा, बोटांनी शिवावा

चौकात आमची लाँड्री होती, समोर शेठचं किराणा दुकान. कपड्यांना स्टार्चची खळ करायची आम्ही दोघींनी, गिऱ्हाइकाचे पैसे घ्यायचे मी. तेव्हा मी एकोणीसची.

त्या वर्षी बाजारात खोट्या नोटा फार झाल्या आणि त्यांच्या मागोमाग निवाडेबाबा अवतरले. हातात तपकिरी पाण्याची बाटली. "निवाड्याचं पाणी! खोटी नोट काळी पडेल, खरी पडणार नाही. माणूस खोटं बोलेल, थेंब बोलणार नाही!" पाच-सहा नोटा चौकातच काळ्या पडल्या. लोकांनी हात जोडले. दुकानदारांनी रांगा लावून बाटल्या विकत घेतल्या.

एका सकाळी आईने शेठला साखरेसाठी नोट दिली. शेठने थेंब टाकला. काळाभोर!

शेठने आईचं मनगट धरलं. "समोर राहून हे धंदे? कुठल्या टोळीची गं तू?" सगळा बाजार गोळा झाला.

"शेठ, कष्टाची नोट आहे हो," एवढंच आई म्हणाली.

बाबा गर्दीतून पुढे आले. "नोट बिचारी काय करील? हातच खोटा!"

गिऱ्हाइकं तुटली, लाँड्रीला कुलूप लागलं. आठ वर्षं आई एकाही दुकानाची पायरी चढली नाही. गाणंही तिथेच राहिलं.

मी दुसऱ्या टोकाच्या औषधांच्या दुकानात नोकरीला लागले. आठव्या वर्षी एका दुपारी काउंटरवर बाबांचा चेला उभा. "आयोडीनच्या वीस बाटल्या द्या. आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्या, असतील तेवढ्या."

"बाबांना सर्दी झालीय?"

"छे! बाबांना सर्दी होत नाही."

"मग गोळ्या कुणाला, नोटांना?"

चेला इतका गोरामोरा झाला की सुटे पैसे न घेताच पळाला. मी डब्यातल्या पावावर आयोडीनचा थेंब टाकला. काळाभोर! वरून गोळीचं पाणी शिंपडलं, डाग नाहीसा. सगळं कळलं. नको होतं तेही कळलं.

पुढच्या रविवारी चौकात बाबांचा सत्कार होता. हार शेठच घालणार होते. मी आईला बळेच आणून बंद लाँड्रीच्या पायरीवर बसवलं आणि मंचावर चढले. पिशवीत वहीचं पान आणि खळीची वाटी.

"बाबा, ही नोट तपासा." मी पानाचा तुकडा पुढे केला.

लोक हसले. बाबाही हसले, पण तो कोरा कागद बघून त्यांनी बाटली मागे घेतली. शेठच्या खिशातही बाबांकडून घेतलेली बाटली होती, ती मी मागून घेतली आणि थेंब टाकला. काळा नाहीच, डागसुद्धा उरला नाही.

"म्हणजे वहीचं पान खरी नोट झालं! मी ते गोळीच्या पाण्यात भिजवून वाळवलंय. बाबांचे चेले खोट्या नोटा तशाच भिजवतात आणि तुमच्याच दुकानांत खपवतात. आता शेठ, तुमच्या खिशातली एक नोट द्या."

शेठने कोरी करकरीत नोट दिली. मी खळीत बोटं बुडवून तिला लावली. थेंब टाकला. काळीभोर!

"कुठल्या टोळीचे हो तुम्ही, शेठ?"

चौक चिडीचूप. मी आठ वर्षं याच शांततेची वाट बघत होते. गोड लागली, खोटं कशाला बोलू?

"हे आयोडीन आहे," मी ओरडले. "साध्या कागदात खळ असते, म्हणून तो काळा पडतो. खऱ्या नोटेच्या कागदात नसते. पाण्याला पाप कळत नाही, खळ तेवढी कळते. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी विचारा, बाटलीत काय आहे? आणि जा, गल्ले उघडा, नोटा उजेडात धरून बघा!"

गल्ले उघडले. दुकानादुकानातून शिव्या ऐकू येऊ लागल्या. बाबा मंचाच्या मागच्या बाजूने सटकत होते. कापडवाल्याने त्यांचं मनगट धरलं. नेमकं मनगटच. पोलीस येईपर्यंत सोडलं नाही.

शेठ माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "पोरी, तिची ती नोट दुसऱ्याच दिवशी बँकेने घेतली होती. पण सगळा बाजार बाबांच्या बाजूचा. मी गप्प राहिलो."

"मला नका सांगू. तिला सांगा. तेव्हा ओरडला होतात, तेवढ्याच आवाजात."

शेठ पायरीपुढे उभे राहिले. हार अजून हातातच होता. "वहिनी, तुमची नोट खरी होती!" सगळ्या बाजाराने ऐकलं.

आईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती माझ्या बोटांकडे बघत होती. त्यांच्यावर खळ वाळून पांढरी झाली होती. ती हळूच म्हणाली, "पण मग माझ्या नोटेला खळ लागली कुठून गं? मी तर नेहमी..."

मी तिच्या पायाशी बसले.

"आई, ती नोट गिऱ्हाइकाकडून मी घेतली होती. मी हात पुसले नव्हते."