सपाट तावदान

घर व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं. आई गेल्यावर मी आणि धाकट्या भावाने ते जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला दिलं. घर बांधलं तेव्हा जसं होतं तसं परत करायचं, हे आम्हालाही पटलं होतं.

त्यात आईचं तावदान आडवं आलं.

वरच्या खोलीतल्या खिडकीच्या काचा जुन्या, फुंकून घडवलेल्या, पाण्यासारख्या हलत्या. त्यांतून दिसणारा माणूस कमरेत मोडतो, त्याचं डोकं खांद्यावरून घसरतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा म्हणाली होती, "मेली ही काच! तू येतेयस की भूत येतंय, कळत नाही." मग तिच्या उशीसमोरच्या एका तावदानात आम्ही बाजारातली साधी सपाट काच बसवून घेतली.

काचकाम करणारे काका आज त्याच्या मापाची जुनी काच घेऊन आले होते.

"संस्थेच्या बाईंना विचारलंस का?" भाऊ म्हणाला. "एका काचेपायी राणी थोडीच रुसणार आहे?"

"विचारलं. तुम्ही म्हणाल तर राहू देऊ, म्हणाल्या."

"मग म्हण ना!"

मला म्हणवेना आणि काढा असंही सांगवेना. काका पटाशी हातात धरून उभे होते. "ठरवा सावकाश, ताई. काच काही पळून जात नाही."

"तू फाटकापासून चालत ये," मी भावाला म्हटलं.

"आत्ता? पुन्हा जिना? माझ्या पोटाकडे बघ जरा."

"जा रे."

पलंग केव्हाच हलवला होता. त्याच्या जागी काकांचं हत्यारांचं खोकं होतं. त्यावर बसून मी मान उशीइतकी खाली आणली. या जागेवरून मी कधी बाहेर पाहिलंच नव्हतं. इथे ती असायची.

फाटकाशी भाऊ दुभंगलेला दिसला, पोट एकीकडे, पाय भलतीकडे. मग तो त्या तावदानात आला आणि एकदम सबंध झाला. टक्कल, उसवलेला खिसा, बाबांसारखी पुढे झुकलेली चाल. मी आईला अशी दिसत असणार.

त्याने वर पाहून हात हलवला. मीही रोज हलवायचे. दिवसाउजेडी बाहेरून त्या काचेत आभाळाशिवाय काही दिसत नसे, तरी हलवायचे.

मी हात उंच केला. त्याला दिसला नाही. जरा थांबून त्याने आपला हात खाली घेतला आणि तो दाराकडे वळला.

आईनेही असाच हात केला असणार. रोज.

"काढा, काका," मी उठत म्हटलं.

वाळलेल्या पुट्टीच्या कपच्या खाली पडू लागल्या. "शाबूत निघतेय बघा. कागदात गुंडाळून देतो, घरी न्या."

"या जागेशिवाय नुसती काच नेऊन काय करू?"

जिन्यावर भावाची धाप ऐकू आली. "दिसलो का गं नीट?" त्याने दारातूनच विचारलं.

"दिसलास," मी म्हटलं. "मी हात केला होता."