मनोऱ्यातला दिवा आणि परत फिरलेले विमान

मित्रांनो, मला बंदुकीसारखी मूठ आहे, चापही आहे. पण मी आयुष्यात एकही गोळी झाडलेली नाही. मी विमानतळाच्या मनोऱ्यातला इशाऱ्याचा जुना दिवा आहे. विमानाशी रेडिओवर बोलता येईनासे झाले, की मनोऱ्यातला माणूस मला आकाशाकडे रोखतो. स्थिर हिरवा म्हणजे ‘उतरा’. लुकलुकता लाल म्हणजे ‘धोका आहे, उतरू नका’. माझी भाषा एवढीच.

स्लोव्हेनियातल्या डोंगरांच्या पायथ्याशी आमचे लहानसे विमानतळ होते. मी तिथे आलो, तेव्हा हा प्रदेश युगोस्लाव्हिया नावाच्या संघात होता. जमीन आमची असली, तरी आकाशाची किल्ली संघाच्या राजधानीत, बेलग्रेडच्या हवाई नियंत्रण केंद्रात होती. विमान उतरवायचे असो की सीमेपलीकडे ऑस्ट्रियाच्या नियंत्रकांच्या हवाली करायचे असो, आधी तिथे फोन करून विचारायचे, अशी रीत होती. आमचे मुख्य नियंत्रक टोनेकाका एका हाताने कॉफी ओतत आणि दुसऱ्या हाताने फोन उचलत.

“दुशान, आकाश उघडलंस का रे?”

“उघडलं! पण तुझ्या मधमाश्यांना सांग, रांगेत उडा म्हणावं,” पलीकडून बेलग्रेडचा नियंत्रक दुशान म्हणे. टोनेकाकांच्या मधाच्या पेट्यांची कीर्ती बेलग्रेडपर्यंत पोचली होती. दोघांनी एकमेकांचा चेहरा कधी पाहिला नव्हता. त्यांची मैत्री आवाजावरच पोसलेली होती.

टोनेकाका दर सोमवारी माझी काच पुसत आणि बॅटरी चार्ज करत. माझी गरज सहसा पडतच नसे. तरुण नियंत्रक येर्नेया हसायची, “काका, एवढं सजवताय, तर त्या दिव्याला आता एखादी मुलगीही बघा!”

१९९१ च्या जून महिन्यात स्लोव्हेनियाने संघातून बाहेर पडल्याचे जाहीर केले. मनोऱ्यावर नवा झेंडा चढला, लोक नाचले. आकाशाची किल्ली मात्र कुणी मागून घेतली नव्हती. संघाचे सैन्य निघाले. त्याची विमाने उतरू नयेत, म्हणून गावकऱ्यांनी खडीचे ट्रक आणि दुधाच्या टाक्यांच्या गाड्या धावपट्टीवर आडव्या लावल्या.

त्याच सकाळी आमचे एक प्रवासी विमान ग्रीसहून परत निघाले होते. ते वाटेत असतानाच संघाने आमची हवाई हद्द बंद केली आणि लढाऊ विमाने येऊन बाँब टाकून गेली. रेडिओचा खांब कोसळला. इंधनाच्या टाकीपाशी दोन कामगार इतके जळाले, की त्यांच्या बायकांनी त्यांना बुटांवरून ओळखले. धूर निवळतो न निवळतो तोच ते प्रवासी विमान आमच्या डोक्यावर घिरट्या घालू लागले. वैमानिक होता ग्रेगोर, येर्नेयाचा धाकटा भाऊ. रेडिओ मुका झाल्यामुळे तो माझ्या इशाऱ्याची वाट पाहत होता.

“त्याला डोंगरापलीकडे ऑस्ट्रियात जाऊ द्या, काका!” येर्नेया म्हणाली.

“न विचारता परक्याच्या हद्दीत? पाडतील त्याला. इथंच उतरवू या.”

त्यांनी खाली ओरडून ट्रक हटवायला सांगितले. चालक धावले. पट्टी मोकळी होऊ लागताच येर्नेयाने हिरवा दाखवला. ग्रेगोरने पंख हलवून होकार दिला आणि उतरण्यासाठी तो लांबून वळसा घेऊ लागला. त्या क्षणी टोनेकाकांचा हात आयुष्यभराच्या सवयीने फोनकडे गेला.

“दुशान, प्रवासी घेऊन आमचं एक विमान उतरतंय. पट्टी मोकळी करतोय. परवानगी देतोस ना?”

पलीकडून अगदी हलका आवाज आला, “टोने, कुणाला फोन केलायस तू? माझ्या शेजारी कोण उभं आहे, ठाऊक आहे?” आणि फोन तुटला.

“काका, काय केलंत हे!” येर्नेया किंचाळली.

टोनेकाका हातातल्या फोनकडे पाहतच राहिले. दुशानने तो निरोप पुढे दिला, की त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या लष्करी अधिकाऱ्याने ऐकला, हे मला आजही ठाऊक नाही. दक्षिणेकडून लढाऊ विमाने आली. पट्टीवरून निघालेले ट्रक त्यांनी एकामागून एक भाजून काढले. दुधाची टाकी फाटली आणि तिचा चालक त्या पांढऱ्या ओघळात पालथा पडला. मनोऱ्याची काच फुटली. तिचा एक तुकडा टोनेकाकांच्या मानेत घुसला. मी जमिनीवर आपटलो आणि माझी तार बॅटरीपासून निखळली.

ग्रेगोर चाके खाली सोडून सरळ त्या आगीकडे येत होता. येर्नेयाने मला उचलून चाप ओढला. मी पेटलो नाही. तिने पुन्हा ओढला.

“लाल... लाल दाखव, पोरी!” टोनेकाका रक्तातून सरपटत आले. त्यांनी ती तार अंगठ्याने बॅटरीवर दाबून धरली. मी लुकलुकलो. विमानाचे नाक वर उचलले गेले, चाके पोटात शिरली आणि ते उत्तरेच्या कड्यावरून पलीकडे गेले. लढाऊ विमाने सीमा ओलांडून गेली नाहीत.

“वाचला, काका! गेला पलीकडे!” येर्नेया मागे वळली. मी लुकलुकतच होतो. त्यांचा अंगठा तिला सोडवून घ्यावा लागला.

ऑस्ट्रियाने विमान उतरवून घेतले. ग्रेगोर प्रवाशांना घेऊन घाटाने बसमधून घरी आला. लढाई लवकरच थांबली. कोणते विमान कुणी कुठे कुणाच्या हवाली करायचे, यावर मात्र माणसे पुढे कितीतरी वर्षे टेबलाभोवती बसून बोलत राहिली. आमच्या विमान कंपनीचे संघातल्या शहरांकडचे मार्ग तुटले, प्रवासी आटले आणि ती बुडाली. मी मनोऱ्यातल्याच कपाटात गेलो.

एका दुपारी मनोऱ्यातला फोन वाजला. “टोने आहे का?”

येर्नेयाने आवाज ओळखला. “काका त्याच दिवशी गेले.”

दोघांपैकी कुणीही फोन ठेवला नाही. शेवटी दुशान म्हणाला, “एक विमान तुमच्या बाजूला येतंय. आत आजारी बाळ आहे. घेतेस?”

येर्नेयाने पेन्सिल उचलली. “घेते. उंची सांगा,” ती म्हणाली.

मित्रांनो, घरे वेगळी होतात. त्यात पाप नाही. पण जमिनीवर रेघ ओढण्याआधी एकदा मान वर करून पाहा. त्या वेळी तिथे कुणीतरी घरी परत येत असते. त्याला कोण उतरवून घेणार, हे आधी ठरवा. मग खुशाल झेंडे चढवा.