पाहुण्यांसाठीचं पाणी

जीपचा धुरळा दिसला तसा सटवाजी पुन्हा उठून उभा राहिला. सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं.

"अवं, टेका की घटकाभर. बूड भाजायलंय का?" त्याची बायको पार्वतीबाई करवादली. पण तिचा तरी जीव कुठं थाऱ्यावर होता? गावच्या बोअरचं पाणी मिठासारखं खारं. घरचे तेच प्यायचे. भगवानरावच्या मळ्यातून मैलभर डोक्यावर आणलेलं गोडं पाणी डाळ शिजवायला आणि पाहुण्यांना. त्या हंड्यांना कंटाळून सून कुसुम मानवतला माहेरी जाऊन बसली होती. गावात गोडं पाणी आलं तरच येते, म्हणाली होती. आणि यंदा सरकार खारं पाणी गोडं करायचं यंत्र बसवणार होतं, तेही एकाच गावात. त्यासाठी परभणीच्या साहेबांनी सटवाजीकडं रिकामी बाटली धाडून बोअरचं पाणी मागवलं होतं, आणि आज ते स्वतः निकाल सांगायला येणार होते.

जीप दारात थांबली. साहेबांनी चहा घेतला, बशी खाली ठेवली. "यंत्र दुसऱ्या गावाला मंजूर झालं, सटवाजीराव. तुमचं पाणी तपासलं. चांगलं गोड आहे की!"

"आमचं? गोड?" सटवाजी उसळला. "साहेब, तोंडात धरवत न्हाई ते!"

मग त्याला आठवलं. त्या दिवशी तो पंचायतीत अडकला होता. बाटली बायकोनं भरली होती.

"कुठलं भरलंस गं?"

"मळ्यातलं," पार्वतीबाई पुटपुटली. "साहेबलोकांच्या दारी जाणार पाणी. खारं कसं धाडावं? पाव्हण्याला कधी दिलंय का आपण खारं?"

"अगं बये! घात केलास की!" सटवाजीनं कपाळावर हात मारून घेतला.

साहेब हसले नाहीत. "तुम्ही रोज पिता ते आणा बघू, बाई."

पार्वतीबाई जागची हलेना. तिच्या सासूनंसुद्धा या घरात पाहुण्यापुढं ते पाणी ठेवलं नव्हतं. शेवटी तिनं तांब्या भरून आणला. साहेबांनी एक घोट घेतला आणि धावत जाऊन अंगणाच्या कडेला थुंकले.

"यंदाचं गेलं," तोंड पुसत ते म्हणाले. "पुढच्या साली पुन्हा लिहून पाहतो."

पार्वतीबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उरलेलं पाणी ओतून टाकायला सटवाजीनं हात पुढं केला. तिनं तो बाजूला सारला, डोईवरचा पदर सावरला आणि साहेबांदेखत तो तांब्या घटाघटा रिकामा केला.