मानाचा नंबर

कालव्यावरच्या पाच दरवाजांना पाच नंबर देऊन ये, असं साहेबांनी मला सांगितलं होतं. काम अर्ध्या तासाचं. मला तीन दिवस लागले, आणि तिन्ही दिवस मी स्वतःच्या नशिबाला शिव्या घातल्या.

ही अठ्ठावन्न सालची गोष्ट. लोणावळ्याच्या वरच्या तलावातून वीजघराला पाणी नेणारा आमचा कालवा, आणि मी तिथला वायरमन. तार एकच, फोन पाच. वीजघरातून हँडल फिरवलं की दरवाजांवरच्या राखणदारांच्या पाचही झोपड्यांत घंटी वाजायची. म्हणून हे नंबर. एकदा वाजून थांबली तर एक नंबरवाल्याने उचलायचं, दोनदा वाजली तर दोनवाल्याने, असं पाचपर्यंत. मग सांगतील तेवढा दरवाजा वर करायचा. तीनदा फोन चुकला की माणूस कामावरून कमी.

मी आपले तलावाकडून ओळीने नंबर दिले. तिसऱ्या दरवाजावरचे अंबाजीआबा भडकले. गावच्या जत्रेत पहिला नारळ त्यांच्या घरचा, तेव्हा पहिला नंबरही त्यांचाच. त्यांना एक दिला, तर बाकीचे दोनसाठी भांडले. पाच कुणालाच नको होता. तो गेला डोंगरातल्या वाडीवरच्या शिदूकडे. वाडीवाल्यांच्या वाट्याला उरलंसुरलंच येतं, म्हणून मला वाईट वाटलं. शिदू मात्र हसला.

का हसला ते नंतर कळलं. रस्त्याच्या कामावर सुरुंगाने त्याचे कान गेले होते. रिसीव्हर घट्ट लावला तर ऐकू येई, समोरच्याचं बोलणं ओठांवरून कळे, घंटी मात्र ऐकू येत नसे. तो फोनच्या लाकडी पेटीवर तळवा ठेवून बसायचा. एकदोन घंट्या हाताला उमगायच्या आधीच संपत. पेटी थरथरतच राहिली की तो समजायचा, हा आपला. हे त्याची बायको चिमाबाई आणि मी, आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. साहेबांना कळतं तर शिदूला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

इकडे आबांचा मान त्यांच्याच अंगाशी आला. त्यांची भातखाचरं दरवाजाच्या खाली. तिथे चिखलात उभ्या माणसाला एक घंटी ऐकू यायची नाही. पंधरा दिवसांत दोन फोन चुकले. मग ते मला घेऊन शिदूच्या झोपडीत आले आणि म्हणाले, नंबर बदलू. पाच घंट्या पार बांधापर्यंत ऐकू येतात.

"घ्या की आबा," शिदू म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नोकरी चालली होती आणि हा बाबा मान डोलावत होता. आबांना नाही म्हणायची त्याच्या बापजाद्यांनाही सवय नव्हती. तेवढ्यात चिमाबाई चुलीपासून उठली.

"आबा, ह्यांना ऐकू येत न्हाई. एक घंटी दिली तर ह्यांचं काम जाईल."

जे लपवायचं तेच तिने सांगून टाकलं होतं, तेही साहेबांकडे ऊठबस असणाऱ्या माणसाला. आबा पेटीवरच्या शिदूच्या तळव्याकडे बघत राहिले. मग दारात जाऊन त्यांनी वहाणा घातल्या.

"मानाचा नंबर असा सोडत न्हाईत," ते मला म्हणाले. "लोक नावं ठेवतील. ऱ्हाऊ दे माजा एकच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेती धाकट्या भावावर सोपवली आणि फोनशेजारी खाट टाकली. आबांना बसून खायची चटक लागली, असं गावात लोक म्हणू लागले. पावसाळ्यात भावाची लावणी ते दारातून बघत बसायचे.

अशी अकरा वर्षं गेली. शिदू वय होऊन कामावरून सुटला, त्या दुपारी आबा माझ्याकडे आले.

"वायरमन," ते म्हणाले, "आता दे मला पाच."